मुलांच्या सेंट्रल लाइनमध्ये बुरशी: पहिल्या फोनपासून शेवटच्या डोसपर्यंत

ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) एका बाटलीत जरी यीस्ट (एकपेशीय बुरशी) दिसलं, तरी ते 'कंटॅमिनेशन असेल' म्हणून सोडायचं नाही. कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस (त्वचेवरचा नेहमीचा जंतू) उगवला की आपण दुसऱ्या कल्चरची वाट बघतो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. कँडिडा या यीस्टला ती सवलत नाही. रक्तात कँडिडा म्हणजे आजार, आणि मुलाला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) असेल तर संशय आधी लाइनवरच घ्यायचा.

हा लेख बालरुग्ण विभागातल्या रेसिडेंट्ससाठी, एनआयसीयू-पीआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आणि मुलांच्या आयसीयूतल्या) सिस्टर-ब्रदरांसाठी आणि जिल्ह्याच्या गावी पाच-दहा खाटांचं आयसीयू चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञांसाठी आहे. आई-वडिलांनी वाचायलाही हरकत नाही, पण यातल्या मात्रा त्यांच्यासाठी नाहीत. त्या डॉक्टरांनी आपल्या फार्मसीकडून आणि औषधाच्या पत्रकावरून पुन्हा पडताळून मगच वापरायच्या आहेत.

माझं मत आधीच सांगतो. अँटिफंगल (बुरशीविरोधी औषध) सुरू करायला कुणी कचरत नाही. लाइन काढायला सगळे कचरतात. सर्जन ओटीत असतो, भूलतज्ज्ञ प्लेटलेट विचारतो, ऑन्कॉलॉजिस्टला केमोचं पुढचं सायकल दिसत असतं, आणि शिरा शोधून शोधून सिस्टर थकलेल्या असतात. तेवढ्यात तीन दिवस निघून जातात.

लाइन इतकी महत्त्वाची का

कँडिडा प्लास्टिकला चिकटते, थरावर थर रचते आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करते. हीच बायोफिल्म. माठाच्या आत धरलेलं शेवाळ नुसतं पाणी बदलून जात नाही, तसंच हे. बायोफिल्ममधल्या पेशींवर फ्लुकोनॅझोल या अँटिफंगलचा फारसा परिणाम होत नाही, मग रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' छापलेलं का असेना. कारण लॅबमधली चाचणी मोकळ्या पेशींवर होते, लाइनला चिकटलेल्या पेशींवर नाही. एकायनोकँडिन गटातली औषधं (कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अनिड्युलाफंजिन) आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन बायोफिल्मवर त्यातल्या त्यात चालतात. पण 'चालतात' म्हणजे लाइन साफ करून देतात असं नाही.

संशय कधी घ्यायचा

हजार ग्रॅमखालचं अपुऱ्या दिवसांचं बाळ, टीपीएनवर (शिरेतून पूर्ण पोषण) आणि विशेषतः लिपिडवर (त्यातला स्निग्ध भाग) असलेलं मूल, आतड्याची शस्त्रक्रिया झालेलं किंवा एनईसी (आतड्याचा गंभीर दाह) झालेलं बाळ, ल्युकेमियाची केमो चालू असलेलं मूल, डायलिसिस कॅथेटर असलेलं मूल, आणि दोन-तीन अँटिबायोटिक्स आठवडाभर घेऊन झालेलं कुठलंही मूल.

मोठ्या मुलात बहुधा ताप असतो. मेरोपेनेम-व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिक्स चालू असूनही चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतरत नाही. नवजात बाळात ताप नसतोही. तिथे श्वास थांबणं, दूध न पचणं, साखर अचानक चढणं आणि प्लेटलेट घसरत जाणं यांकडे बघायचं. स्थिर असलेल्या एनआयसीयूच्या बाळाच्या प्लेटलेट दोन दिवसांत निम्म्यावर आल्या, तर माझ्या डोक्यात पहिली शंका बुरशीची येते.

पहिलं काम: नीट कल्चर

दोन ठिकाणचं रक्त घ्या, एक लाइनमधून आणि एक हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून, दोन्ही एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात. लाइनला दोन-तीन ल्युमेन (आतल्या वेगळ्या वाटा) असतील तर शक्यतो प्रत्येकातून वेगळं. बाटलीवर 'लाइन, लाल पोर्ट' किंवा 'पेरिफेरल, डावा हात' असं स्पष्ट लिहा आणि वेळ टाका. लाइनची बाटली पेरिफेरलच्या दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली, तर उगम लाइनमध्ये असण्याची शक्यता जास्त. बॅक्टेरियांसाठी हा निकष चांगला पारखलेला आहे. कँडिडात, विशेषतः ग्लाब्राटा या सावकाश वाढणाऱ्या प्रजातीत, तो दुजोऱ्यापुरताच धरा. दोन बाटल्यांच्या वेळेत फरक पडला नाही म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही.

रक्त कमी घेतलं जातं ही कायमची तक्रार. बारा किलोच्या मुलात एकूण रक्त साधारण ९०० मि.लि. असतं. दोन्ही ठिकाणचं मिळून सहा-आठ मि.लि. काढलं तरी ते एक टक्क्याच्या आत राहतं. प्रत्यक्षात एक-एक मि.लि. घालून बाटल्या जातात आणि मग 'नो ग्रोथ'चा रिपोर्ट हातात घेऊन आपण निर्धास्त होतो. आधीच, शरीरात खोलवर पसरलेल्या कँडिडाच्या आजारातसुद्धा ब्लड कल्चर साधारण अर्ध्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येतं. नवजात बाळात निदान एक मि.लि. तरी हवं.

वेगळी 'फंगल बाटली' लागत नाही. नेहमीच्या एरोबिक किंवा पेडियाट्रिक बाटलीत कँडिडा उगवते. लॅबला मात्र तीन गोष्टी सांगून ठेवा: यीस्ट दिसल्याबरोबर फोन करा, प्रजाती ओळखा, अँटिफंगल सेन्सिटिव्हिटी लावा. नुसतं 'कँडिडा स्पीशीज' किंवा 'नॉन-अल्बिकन्स' असा रिपोर्ट स्वीकारायचा नाही. त्यावर उपचार ठरत नाहीत. लघवीचं कल्चरही त्याच वेळी पाठवा.

दुसरं काम: त्याच दिवशी औषध

ग्रॅम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) कळ्या फुटणारं यीस्ट दिसलं की प्रजातीची वाट बघत बसायचं नाही. पहिला डोस लॅबचा फोन आल्यापासून काही तासांत गेला पाहिजे.

तीन महिन्यांवरच्या मुलात पहिली पसंती एकायनोकँडिनला. कॅस्पोफंजिनची मात्रा वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठफळावर काढतात: पहिल्या दिवशी ७० मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर, दुसऱ्या दिवसापासून ५०, आणि रोजची कमाल ७० मि.ग्रॅ. एक उदाहरण करून बघू. मूल १२ किलोचं, उंची ८८ सें.मी. उंची गुणिले वजन भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ: ०.५४ चौ.मी. पहिला डोस ३८ मि.ग्रॅ., पुढे रोज २७ मि.ग्रॅ. अंतिम द्रावणाची तीव्रता ०.५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.पेक्षा जास्त नको, म्हणून ३८ मि.ग्रॅ.साठी निदान ७६ मि.लि. नॉर्मल सलाइन लागेल, तासाभरात द्यायचं. मूल रिफाम्पिसिनवर असेल (आपल्याकडे टीबीची औषधं चालू असलेली मुलं कमी नाहीत) किंवा फेनिटॉइन, कार्बामाझेपिनवर असेल, तर कॅस्पोफंजिनची पातळी खाली येते. तेव्हा रोजची मात्रा ७० मि.ग्रॅ. प्रति चौ.मी. ठेवतात, कमाल तीच.

मायकाफंजिन सोपं आहे: रोज २ मि.ग्रॅ. प्रति किलो, कमाल १०० मि.ग्रॅ. अगदी लहान बाळांत प्रति किलो मात्रा बरीच जास्त लागते, कारण त्यांचं शरीर हे औषध वेगाने बाहेर टाकतं.

एकायनोकँडिन मिळत नसेल किंवा बुरशी मेंदूत, डोळ्यात, मूत्रमार्गात गेल्याची शंका असेल, तर लायपोसोमल अँफोटेरिसिन, ३ ते ५ मि.ग्रॅ. प्रति किलो. एकायनोकँडिन या तीन ठिकाणी नीट पोचत नाही. मूत्रमार्गात लायपोसोमलसुद्धा जेमतेमच पोचतं. तिथे साधं अँफोटेरिसिन किंवा, बुरशी सेन्सिटिव्ह असेल तर, फ्लुकोनॅझोल बरं. मूल स्थिर आहे, आधी अझोल गटातलं (फ्लुकोनॅझोलच्या कुळातलं) औषध कधी घेतलेलं नाही आणि आपल्या आयसीयूत फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या प्रजाती क्वचितच सापडतात, अशा वेळी फ्लुकोनॅझोलने सुरुवात करता येते: पहिला डोस २५ मि.ग्रॅ. प्रति किलो, मग रोज १२. मोठ्या मुलांत प्रौढांच्या कमाल मात्रेपुढे जायचं नाही आणि किडनी मंदावली असेल तर कमी करायचं. पण भारतातल्या बहुतेक मोठ्या आयसीयूंची आजची अवस्था बघता मी सुरुवात फ्लुकोनॅझोलने करत नाही.

नवजात बाळाचं गणित वेगळं. तिथे साधं अँफोटेरिसिन डीऑक्सिकोलेट, रोज १ मि.ग्रॅ. प्रति किलो, हीच अजून पहिली पसंती. प्रौढांना हैराण करणारं हे औषध नवजात बाळं आश्चर्य वाटावं इतकं सोसतात. आधी फ्लुकोनॅझोलचं प्रतिबंधक उपचार झालेलं नसेल, तर १२ मि.ग्रॅ. प्रति किलो फ्लुकोनॅझोल हा दुसरा पर्याय.

औषध भरताना

चुका बहुतेक या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

साधं अँफोटेरिसिन फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. नॉर्मल सलाइन लागलं की साका बसतो. म्हणजे लाइन आधी आणि नंतरही डेक्स्ट्रोजनेच फ्लश करायची, सवयीने एनएसचं (नॉर्मल सलाइनचं) सिरिंज जोडायचं नाही. कॅस्पोफंजिनचं अगदी उलट: ते नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोज चालत नाही. एकाच मुलाचं औषध बदललं की सिस्टरच्या ट्रेमधली बाटलीही बदलते, हे फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

साध्या अँफोटेरिसिनची ५० मि.ग्रॅ.ची बाटली १० मि.लि. स्टराइल वॉटरने विरघळवली की ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. होतं. ते पुढे ०.१ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.पर्यंत पातळ करायचं. १.२ किलोच्या बाळाला १.२ मि.ग्रॅ. म्हणजे १२ मि.लि. डेक्स्ट्रोजमध्ये, सावकाश, दोन ते सहा तासांत. हे १२ मि.लि. बाळाच्या दिवसाच्या एकूण द्रवात मोजायला विसरू नका, आणि त्यातल्या डेक्स्ट्रोजने साखर चढते का तेही बघा. मोठ्या मुलात थंडी वाजून ताप येतो. आधी पॅरासिटामॉल, लागलं तर हायड्रोकॉर्टिसोन. औषधाआधी १० ते १५ मि.लि. प्रति किलो नॉर्मल सलाइन वेगळं देता आलं तर किडनीला आधार मिळतो. नंतर डेक्स्ट्रोजचा फ्लश मारून मग अँफोटेरिसिन लावायचं. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन सुरुवातीला दिवसाआड. पोटॅशियम देऊन देऊन वाढत नसेल, तर मॅग्नेशियम कमी असतं.

लायपोसोमलची ५० मि.ग्रॅ.ची बाटली साधारणपणे १२ मि.लि. स्टराइल वॉटर घालून जोरात हलवायची, म्हणजे ४ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. होतं, मग सोबतच्या फिल्टरमधून डेक्स्ट्रोजमध्ये. पण आपल्या बाजारात लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स, लिपिड इमल्शन असे वेगवेगळे प्रकार मिळतात, त्यांच्या मात्रा सारख्या नाहीत आणि विरघळवण्याच्या कृतीही सारख्या नाहीत. खोक्यातलं पत्रक फेकू नका.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. केसपेपरवर नुसतं 'अँफोटेरिसिन ५ मि.ग्रॅ./किलो' लिहिलं, फार्मसीत लायपोसोमल संपलेलं होतं आणि साधं आलं, तर पाचपट मात्रा जाते आणि मुलाचं हृदय बंद पडू शकतं. साध्या अँफोटेरिसिनची मात्रा दिवसाला १.५ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर कधीच जात नाही. ऑर्डरमध्ये पूर्ण नाव लिहा, 'लायपोसोमल' किंवा 'डीऑक्सिकोलेट'. आणि बाटली फोडण्याआधी दोघांनी नाव मोठ्याने वाचा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. लायपोसोमल आणि एकायनोकँडिन दोन्ही महाग. मूल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडे चौकशी करून बघा. पाचव्या दिवशी पैसे संपल्यावर नको. औषध अर्धवट थांबवावं लागण्यापेक्षा साधं अँफोटेरिसिन नीट लक्ष ठेवून पूर्ण देणं शंभरदा चांगलं.

तिसरं काम: लाइनचा निर्णय, चोवीस तासांत

साधी, टनेल न केलेली (त्वचेखालून लांब न नेलेली) लाइन असेल, म्हणजे मानेतली, मांडीतली, पिक लाइन (हातापायाच्या शिरेतून आत नेलेली) किंवा नाळेतली, तर चर्चा नको, काढून टाका. गाइडवायरवरून (जुन्या लाइनमधून सरकवलेल्या तारेवरून) त्याच जागी नवी घालायची नाही. जुन्या वाटेवरची बुरशी नव्या लाइनवर येऊन बसते.

हिकमन, ब्रोव्हियॅक किंवा केमोपोर्ट (दीर्घकाळासाठी त्वचेखालून बसवलेल्या लाइन) असेल तर वाद सुरू होतो. माझा नियम असा: मुलाच्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नीट आहेत आणि दुसरा उगम दिसत नाही, तर पोर्टही काढायचं. मूल शॉकमध्ये असेल, कल्चर पॉझिटिव्ह येतच राहिली असतील, पोर्टच्या जागी लाली-पू असेल किंवा प्रजाती पॅराप्सिलोसिस असेल, तर अजिबात वाट बघायची नाही. पॅराप्सिलोसिस ही त्वचेवरून आणि हातांवरून येणारी, प्लास्टिकवर प्रेम करणारी जात आहे.

न्यूट्रोफिल शंभरच्या खाली, तोंडापासून गुदद्वारापर्यंत अस्तर सोललेलं, आणि प्रजाती ट्रॉपिकॅलिस, अशा केमोच्या मुलात बुरशी आतड्यातून आलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे लाइन काढण्याचा निर्णय त्या मुलापुरता विचार करून घेतात. एकायनोकँडिन सुरू करून ४८ ते ७२ तास कल्चर बघितली, ती निगेटिव्ह झाली आणि मूल सुधारलं, तर लाइन ठेवता येते. पॉझिटिव्ह राहिली तर प्लेटलेट चढवा आणि लाइन काढा.

आई-वडिलांशी बोलायचं ते याच वेळी. पोर्टसाठी त्यांनी पैसे जमवलेले असतात, मुलाला पुन्हा सुया टोचाव्या लागणार असतात. "पोर्ट काढलं तर केमो कशी देणार, डॉक्टर?" हा प्रश्न येणारच. मी साधारण असं सांगतो: "ताई, बुरशी त्या नळीला चिकटून बसलीय. औषधाने रक्तातली जाते, नळीवरची जात नाही, म्हणून ताप पुन्हा पुन्हा येतोय. नळी काढू, दोन आठवडे औषध पूर्ण करू आणि केमोसाठी नवी नळी नव्या जागी घालू. नळी ठेवली तर बुरशी डोळ्यात, हृदयात, किडनीत जाऊ शकते." आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्यासमोरच बोला. घरचा निर्णय पुष्कळदा त्यांच्या हातात असतो.

लाइन काढताना प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघा. मानेतली लाइन काढताना डोकं थोडं खाली ठेवा, मोठ्या मुलाला श्वास रोखून धरायला सांगा, काढल्याबरोबर दाब द्या आणि हवाबंद ड्रेसिंग लावा. त्या छिद्रातून हवा आत ओढली जाऊ शकते. टोकाचे पाच सें.मी. निर्जंतुक कात्रीने कापून कोरड्या निर्जंतुक डबीत लॅबला पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. टोकाचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून औषध थांबत नाही. ते निदान पक्कं करण्यापुरतं.

मग शक्य असेल तर एक-दोन दिवस मूल सेंट्रल लाइनशिवाय राहू द्या, पेरिफेरल कॅन्युलावर. टीपीएनची तीव्रता कमी करा, औषधं एकत्र करून बघा, पोटातून देता येतील ती पोटातून. नवी लाइन शक्यतो कल्चर निगेटिव्ह झाल्यावर आणि दुसऱ्या जागी.

लाइन काढताच येत नसेल तर

आतडं आखूड राहिलेलं मूल, शेवटची उरलेली शीर, किंवा भूल देताच येणार नाही इतकं रक्तस्राव होणारं मूल. अशा वेळी लाइनमधून पूर्ण मात्रेत औषध द्यायचं आणि सोबत लॉक थेरपी: लाइन वापरात नसताना तिच्यात इथेनॉल किंवा अँफोटेरिसिनचं द्रावण भरून ठेवायचं, वापरण्याआधी ते ओढून काढायचं. याला पुरावा तोकडा आहे आणि हा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नाही. इथेनॉल हेपरिनमध्ये मिसळलं की गाळ धरतो, आणि काही पॉलियुरेथेनच्या लाइन त्याने कमकुवत होतात. सिलिकॉनची लाइन सोसते. लॉक चालू असतानाही कल्चर पॉझिटिव्ह राहिलं तर तो प्रयोग तिथेच संपवायचा.

चौथं काम: बुरशी आणखी कुठे गेली आहे का

डोळे. बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञाकडून पडदा बघून घ्या, पहिल्या आठवड्यात. लहान मूल 'दिसत नाही' असं सांगत नाही. न्यूट्रोफिल शून्याजवळ असतील तर पेशी वर आल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासा, कारण पांढऱ्या पेशी नसताना डाग दिसतच नाहीत. यकृत-प्लीहेतल्या गाठींचंही तेच: केमोनंतर काउंट वर येतात आणि ताप नव्याने चढतो, तेव्हा त्या सोनोग्राफीत किंवा सीटीत दिसू लागतात.

इकोकार्डिओग्राफीत झडपांइतकंच लक्ष उजव्या कर्णिकेकडे द्या. लाइनचं टोक जिथे होतं तिथे गुठळी धरलेली असते आणि तिच्यात बुरशी. लाइन होती त्या शिरेचा डॉपलरही करा. पोटाच्या सोनोग्राफीत किडनी बघा. बाळांत तिथे बुरशीचा गोळा अडकून लघवी तुंबू शकते.

नवजात बाळात कमरेतून पाणी काढायचंच. बाळ फार अस्थिर असेल तर एक-दोन दिवसांनी, पण टाळायचं नाही. हे पाणी (सीएसएफ) अगदी नॉर्मल दिसूनही मेंदूला लागण असू शकते, म्हणून डोक्याची सोनोग्राफीही जोडीला.

पाचवं काम: दिवस मोजणं

कल्चर रोज किंवा दिवसाआड पाठवत राहा, निगेटिव्ह होईपर्यंत. उपचाराचे चौदा दिवस औषध सुरू केल्यापासून मोजायचे नाहीत, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे. समजा ३ तारखेला औषध सुरू केलं, ४ला लाइन काढली, ५चं कल्चर पॉझिटिव्ह आलं, ७चं आणि ८चं निगेटिव्ह. मग पहिला दिवस ७ तारीख, आणि औषध २० तारखेपर्यंत. तेही मुलाची लक्षणं गेली असतील आणि बुरशी दुसरीकडे कुठे बसलेली नसेल तरच. न्यूट्रोफिल कमी असतील तर ते वर येईपर्यंत. हृदयाच्या झडपेवर असेल तर निदान सहा आठवडे आणि बहुधा शस्त्रक्रिया; हाडात असेल तर सहा महिन्यांहून जास्त. फाइलच्या पहिल्या पानावर 'पहिलं निगेटिव्ह: अमुक तारीख' असं लिहून ठेवलं, की ड्युटी बदलल्यावर घोळ होत नाही.

लाइन काढून, योग्य औषध देऊनही चार-पाच दिवसांनी कल्चर पॉझिटिव्हच असेल, तर नुसतं औषध बदलत बसू नका. मात्रा बरोबर आहे का, दुसरी एखादी लाइन (आर्टेरियल, डायलिसिसची) अजून आत आहे का, गुठळी किंवा पोटात गळू आहे का, आणि प्रजाती खरोखर तीच आहे का, हे या क्रमाने बघा.

प्रजाती कळल्यावर

अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस फ्लुकोनॅझोलला सेन्सिटिव्ह असतील, मूल स्थिर असेल आणि कल्चर निगेटिव्ह झालं असेल, तर पाच-सात दिवसांनी फ्लुकोनॅझोलवर आणता येतं, रोज १२ मि.ग्रॅ. प्रति किलो. पोट चालत असेल तर तोंडाने दिलं तरी जवळजवळ तितकंच रक्तात उतरतं. क्रुसेई फ्लुकोनॅझोलला जन्मजात दाद देत नाही, रिपोर्टवर काहीही येवो.

ल्युकेमियाच्या मुलात एक सापळा आहे. फ्लुकोनॅझोल, आणि त्याहून जास्त व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधं विनक्रिस्टिनचं विघटन अडवतात. मग पाय लुळे पडणं, जबडा दुखणं, पोट तुंबणं, झटके. विनक्रिस्टिनच्या आठवड्यात अझोल शक्यतो टाळा, एकायनोकँडिनच चालू ठेवा.

कँडिडा ऑरिसचं नाव २००९ मध्ये जपानमधून आलं, २०१३ पासून भारतातून रुग्ण नोंदले जाऊ लागले. ती बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही, खाटेच्या कठड्यावर आणि मॉनिटरच्या वायरींवर दिवसेंदिवस जगते, आणि जुन्या यंत्रांवर 'हिम्युलोनी' म्हणून ओळखली जाते. लॅबने हे नाव दिलं तर मॅल्डी-टॉफवर (प्रजाती नेमकी ओळखणाऱ्या यंत्रावर) पडताळा करायला सांगा. मोठ्या मुलात एकायनोकँडिन, दोन महिन्यांखालच्या बाळात साधं अँफोटेरिसिन. मुलाला वेगळं ठेवा, आणि फरशी-खाटा क्लोरीनच्या द्रावणाने पुसा. क्वाटर्नरी अमोनियमची नेहमीची द्रावणं तिथे कमी पडतात.

लिपिडवर असलेल्या बाळात यीस्ट ग्रॅम स्टेनवर दिसतं पण प्लेटवर उगवत नाही, अशा वेळी मॅलासेझियाचा विचार करा. तिला चरबी लागते. लॅबला प्लेटवर ऑलिव्ह तेल टाकून वाढवायला सांगा. लाइन काढली आणि लिपिड थांबवलं की निम्मी लढाई संपते; औषध अँफोटेरिसिन, कारण एकायनोकँडिनचा तिच्यावर परिणाम होत नाही. ट्रायकोस्पोरॉनवरही एकायनोकँडिन चालत नाही, तिथे व्होरिकोनॅझोल. रोडोटोरुलावर अझोलही नाही आणि एकायनोकँडिनही नाही, फक्त अँफोटेरिसिन. प्रजातीसाठी एवढा हट्ट धरायचा तो यासाठी. विचित्र काही उगवलं तर चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. आपल्या मायक्रोबायॉलॉजिस्टना नमुना तिथे पाठवायला सांगा.

त्याच संस्थेच्या बालविभागात १९९६ ते १९९८ दरम्यान पिचिया अनोमाला नावाच्या बुरशीची साथ आली होती आणि साडेतीनशेहून अधिक बाळं-मुलं सापडली होती. कर्मचाऱ्यांच्या हातांवरही तीच बुरशी मिळाली. लाइनचा हब (सिरिंज जोडायचं तोंड) अल्कोहोलने पंधरा सेकंद घासणं, लिपिडची नळी चोवीस तासांनी बदलणं, आणि रोजच्या राउंडला 'ही लाइन आजही हवी का?' असं विचारणं हे कंटाळवाणं वाटतं, पण या कामांना पर्याय नाही. गरज नसताना लांबवलेली अँटिबायोटिक्स आणि सवयीने चालू ठेवलेली रॅनिटिडिन-फॅमोटिडिन ही आम्लपित्ताची औषधंही थांबवा.

घरी पाठवताना

उरलेल्या गोळ्यांची शेवटची तारीख डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या. ताप आला तर जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर घ्यावं, हेही त्याच कार्डावर. आणि नवजात बाळाच्या आईला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुढच्या काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांनीही, बाळ एक पाय हलवेनासं झालं, लंगोट बदलताना रडलं किंवा गुडघा-मांडी सुजली, तर लगेच आणायचं. कँडिडा त्या काळात हाडा-सांध्यात डोकं वर काढू शकते. असं बाळ ओपीडीत आलं तर मार लागला का, लस टोचल्याने दुखतंय का, यात आठवडा घालवू नका. त्याच दिवशी सांध्याची सोनोग्राफी करा, पाणी काढून कल्चरला पाठवा आणि एनआयसीयूची जुनी फाइल मागवा.